आधी जोड मोडा, मग गुण द्या

गावातल्या एखाद्या वेल्डिंगच्या दुकानापुढे उभे राहून काम पाहण्याचा मोह तुम्हांला कधीतरी झालाच असेल. (त्या निळ्या-पांढऱ्या ज्योतीकडे उघड्या डोळ्यांनी पाहिले नसेल, अशी आशा करतो.) कुणाच्या ट्रॉलीचा साटा, कुणाच्या खिडकीचे गज, तर कुणाच्या विहिरीवरच्या पंपाचा फुटका नळ. काम संपले की कारागीर छोट्या हातोडीने जोडावरची काळी खपली उडवतो, तारेच्या ब्रशाने जोड घासतो आणि गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगतो, "आता नळ तुटेल, पण जोड तुटणार नाही!"

हेच विधान आपण वर्गातही ऐकतो, फक्त जरा शुद्ध भाषेत: "वितळजोड हा मूळ धातूपेक्षा मजबूत असतो." परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळतात. माझे म्हणणे असे, की हे वाक्य अर्धेच खरे आहे आणि उरलेले अर्धे आपण शिकवतच नाही. शिकवायचे, तर त्यासाठी जोड मोडून पाहावा लागेल, आणि नेमके तेवढेच आपल्याकडे टाळले जाते.

काही वर्षांपूर्वी एका कार्यशाळेतील प्रात्यक्षिक परीक्षा पाहण्याचा योग आला. मुलांनी दोन इंची नळाचे दोन-दोन तुकडे एकमेकांस जोडले होते. एका मुलाचा जोड फारच देखणा झाला होता. माशाच्या खवल्यांसारख्या एकसारख्या लाटा, कुठे खड्डा नाही की उंचवटा नाही. त्याला सर्वांत जास्त गुण मिळाले. परीक्षा आटोपल्यावर आम्ही दोघा-तिघांनी सहज म्हणून तोच जोड करवतीने उभा कापून त्याची एक पट्टी शेगड्यात धरली व हातोडा घातला. दुसऱ्याच घावाला पट्टीचे दोन तुकडे झाले. तुटलेल्या पृष्ठभागाचा वरचा निम्मा भाग दाणेदार व चकचकीत होता. खालच्या निम्म्या भागावर मात्र नळ कापताना उमटलेल्या करवतीच्या रेघा जशाच्या तशा होत्या. म्हणजे तिथे पोलाद वितळलेच नव्हते! "सर, पण वरून तर चांगला होता," एवढेच तो मुलगा म्हणाला. त्याचे गुण तसेच राहिले, आणि त्यात त्या मुलाचा काही दोषही नव्हता. त्याला जे तपासले जाते तेच तो शिकला होता.

आता त्या अर्ध्या खऱ्या भागाकडे वळू. कर्बयुक्त पोलाद म्हणजे मुख्यतः लोखंड आणि त्यात थोडासा कर्ब. नळांच्या पोलादात हा कर्ब सहसा शेकडा ०.३ पेक्षा कमी असतो. कारखान्यांत वाफेसाठी व तेलासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या नळाचे, ज्याला अमेरिकन मानकात ए १०६ ग्रेड बी म्हणतात, ताणबल किमान ४१५ न्यूटन प्रति चौरस मि.मी. असावे लागते. म्हणजे एक चौरस मि.मी. छेदाच्या पट्टीला साधारण ४२ किलोग्रॅम वजन टांगले तरी ती तुटता कामा नये. आता दुकानातल्या रॉडच्या पुड्यावर काय छापलेले असते ते पाहा. ई ६०१३ या आकड्यातील पहिले दोन अंक सांगतात, की या रॉडपासून पडणाऱ्या धातूचे ताणबल किमान ६० हजार पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे पुन्हा सुमारे ४१४ न्यूटन प्रति चौरस मि.मी. आहे. ई ७०१८ घेतला तर हाच आकडा ४८० च्या घरात जातो. तेव्हा भरलेला धातू नळाच्या तोडीस तोड किंवा सरस असतो, हे कारागिराचे म्हणणे बरोबरच आहे.

पण पुड्यावरचा आकडा हा धातूचा आहे, जोडाचा नाही. जोड म्हणजे केवळ मधला भरलेला धातू नव्हे. त्याच्या दोन्ही बाजूंना नळाचाच एक अरुंद पट्टा असा असतो, की जो वितळला नाही पण भाजून निघाला. आणि अगदी तळाशी, नळाच्या आतल्या अंगाला, जोडाचे मूळ असते. जोड दगा देतो तो बहुधा या दोन ठिकाणी, आणि वरून दिसणाऱ्या लाटांवरून या दोहोंपैकी कशाचाही अंदाज येत नाही.

भाजलेल्या पट्ट्याची गोष्ट तुम्हांला लोहाराच्या भात्यापाशी उत्तम कळेल. लोहार कोयता लाल करतो व पाण्यात बुडवतो. याला तो "पाणी देणे" म्हणतो. एकाएकी थंड झाल्यामुळे पोलादातील कर्बाला बाहेर पडायला सवड मिळत नाही. तो लोखंडाच्या स्फटिकांत अडकून पडतो आणि मार्टेन्साइट नावाची कठीण पण ठिसूळ रचना तयार होते. कोयत्याच्या धारेला असा कठीणपणा हवाच असतो. वितळजोड करताना प्रज्योतीचे तापमान पाच-सहा हजार अंश सेल्सिअस असते, पोलाद वितळते ते १५०० अंशांच्या आसपास, आणि शेजारचा नळ मात्र थंडच असतो. नळ जाड असेल तर तो उष्णता इतक्या झपाट्याने ओढून घेतो, की पाण्याचा थेंबही न वापरता त्या पट्ट्याला पाणी दिले जाते! कर्ब कमी असेल तर फारसे बिघडत नाही. कर्ब जास्त, नळ जाड आणि हवा थंड असेल, तर हा पट्टा काचेसारखा वागू लागतो. म्हणूनच जाड नळ जोडण्यापूर्वी ज्योतीने शेकून घेतात. गंमत अशी, की असा ठिसूळ पट्टा नुसत्या ताणात उलट अधिकच बलवान ठरतो. आकडा मोठा येतो आणि चिवटपणा मात्र गेलेला असतो. बल आणि चिवटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पाठ करून समजत नाही. धक्का देऊनच पाहावे लागते.

त्यातच आपल्याकडचा पावसाळा! रॉडवरचे लेपण दमट झाले तर त्यातील पाण्याचे प्रज्योतीत विघटन होते व हायड्रोजनचे अणू वितळलेल्या पोलादात शिरतात. हा अणू फारच लहान. थंड झालेल्या पोलादातूनही तो हळूहळू सरकत राहतो आणि कठीण, ताणलेल्या जागी गोळा होतो. परिणामी जोड पूर्ण झाल्यावर काही तासांनी, क्वचित दोन दिवसांनी, त्याला तडा जातो. काम पुरे झाले, पैसे मिळाले, कारागीर घरी गेला आणि मग तडा! ई ७०१८ सारखे रॉड भट्टीत तापवून कोरडे करून मगच वापरतात ते याचसाठी. कोकणातल्या एखाद्या दुकानात उघड्या पुड्यातले रॉड भिंतीशी टेकवून ठेवलेले दिसले, की मला नेहमी या अणूची आठवण होते.

मुळाचा प्रश्न मात्र नळाच्या बाबतीत विशेष बिकट आहे. सपाट पत्रा उलटा करून दुसऱ्या बाजूनेही जोडता येतो. लांबच लांब नळाच्या आत कोण शिरणार? सारे काम बाहेरूनच करावे लागते. म्हणून नळांच्या कडा तिरप्या घासतात, तोंडाला तोंड लावताना दोन-तीन मि.मी. फट ठेवतात, आणि पहिला थर असा टाकतात की वितळलेला धातू फटीतून आतल्या अंगाला किंचित डोकावेल. हा पहिला थर ज्याला साधला त्याला वितळजोड साधला. वरचे थर त्यामानाने सोपे असतात. दुर्दैवाने बाहेरून दिसतात ते वरचेच.

मूळ अर्धवट राहिले तर नेमके किती बिघडते? थोडे गणित करू, ते नववी-दहावीच्या आवाक्यातले आहे. नळाचा व्यास व्या, भिंतीची जाडी ज आणि आतील दाब द समजा. नळ कल्पनेने उभा चिरा. दोन अर्धे एकमेकांपासून दूर ढकलणारे बल, दर मि.मी. लांबीला, द × व्या इतके होते. त्याला धरून ठेवायला दोन भिंती असतात, त्यांची मिळून जाडी २ज. म्हणून भिंतीतील ताण द × व्या ÷ २ज. आता नळ आडवा कापला आहे असे समजून तोच हिशेब केला, तर उत्तर बरोबर निम्मे येते, द × व्या ÷ ४ज. करून पाहा. बागेतली रबरी नळी फुगून फाटते तेव्हा ती लांबीच्या दिशेनेच का फाटते, त्याचे उत्तर इथे आहे. म्हणजे दोन नळ एकमेकांस जोडणाऱ्या गोल जोडापेक्षा, पत्रा वाकवून नळ बनवताना घातलेल्या लांबीच्या जोडावर दुप्पट ताण पडतो.

याच गणिताचा एक भयंकर दाखला अमेरिकेत घडला. कॅलिफोर्निया राज्यातील सान ब्रुनो या गावात ९ सप्टेंबर २०१० रोजी संध्याकाळी सहाच्या सुमारास जमिनीखालून गेलेली नैसर्गिक वायूची ३० इंची नळवाहिनी फुटली. सुमारे साडेआठ मीटर लांबीचा, तेराशे किलोग्रॅमहून अधिक वजनाचा नळाचा तुकडा उडून तीस मीटर दूर जाऊन पडला. वायूने पेट घेतला. तो बंद करायला ९५ मिनिटे लागली. आठ माणसे मृत्युमुखी पडली व ३८ घरे बेचिराख झाली.

फुटताना नळात दाब होता ३८६ पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे सुमारे २.६६ न्यूटन प्रति चौरस मि.मी. ठरवून दिलेली कमाल मर्यादा ४०० पौंडांची होती. म्हणजे दाब मर्यादेच्या आतच होता! व्यास ७६२ मि.मी. व जाडी ९.५ मि.मी. हे आकडे वरच्या सूत्रात घाला. ताण येतो सुमारे १०७ न्यूटन प्रति चौरस मि.मी. साध्या पोलादाचे ताणबल चारशेच्या आसपास धरले, तर सुरक्षिततेला जवळजवळ चौपट वाव होता. मग नळ फुटला कसा?

अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने तपास करून २०११ मध्ये अहवाल दिला. १९५६ साली ही वाहिनी थोडी बाजूला सरकवताना त्या जागी सुमारे चार-चार फुटांचे काही तुकडे एकापुढे एक जोडून बसवले होते. त्यांपैकी एका तुकड्याचा लांबीचा जोड फक्त बाहेरून घातलेला होता. आतला थर नव्हताच. जाडीचा निम्माच भाग वितळून एकजीव झाला होता आणि आतल्या अंगाला सबंध लांबीभर एक बारीक चीर राहून गेली होती. जाडी निम्मी, म्हणून ताण दुप्पट. शिवाय उरलेला धातू एका बाजूला असल्याने प्रत्येक दाबागणिक चीर उघडू पाहणार. वायूचा दाब वर्षानुवर्षे कमीजास्त होत राहिला आणि चिरेच्या टोकाशी पोलादाला शिणवटा येत गेला. तार मागेपुढे वाकवत राहिले की ती तुटते, त्यातलाच प्रकार. चोपन्न वर्षे तो जोड टिकला, हेच आश्चर्य. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात काहीही वावगे दिसले नसते.

यातला मला सर्वांत झोंबणारा भाग पुढेच आहे. कंपनीच्या दप्तरी या जागी बिनजोड नळ असल्याची नोंद होती. म्हणजे कागदावर तिथे लांबीचा जोडच नव्हता, मग तो तपासणार कोण? वस्तुतः त्या काळी अमेरिकेत त्या मानकाप्रमाणे ३० इंची बिनजोड नळ तयार करणारा कारखानाच नव्हता. कुणी ती नोंद शंकेने वाचली असती तर चूक तिथेच कळली असती. नळात पाणी भरून, नेहमीपेक्षा जास्त दाब देऊन तो तपासला असता, तरी बहुधा दोष उघड झाला असता, असे मंडळाने म्हटले. परंतु अशी चाचणी सक्तीची करणारे नियम पुढे झाले तेव्हा जुन्या वाहिन्यांना त्यांतून सूट देण्यात आली होती.

(अशी चाचणी हवेने का करत नाहीत, हे तुम्हीच ओळखा. सूचना: पाणी जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा साठून राहत नाही.)

कुणी म्हणेल, वायूची मोठी वाहिनी निराळी, आमचा पंपाचा नळ निराळा. साध्या जोडाला एवढी तपासणी कशाला? त्यांना २७ मार्च १९८० ची घटना सांगावी लागेल. उत्तर समुद्रात नॉर्वेच्या हद्दीत अलेक्झांडर कीलँड नावाचा, तेलक्षेत्रातील कामगारांच्या निवासाचा तरता मंच वादळात उलटला व त्यावरील २१२ जणांपैकी १२३ जण दगावले. मंचाचा एक पाय ज्या पोलादी नळ्यांनी धरला होता त्यांपैकी एक तुटली, बाकीच्या तिच्या मागोमाग गेल्या. तुटण्याची सुरुवात कुठे झाली? पाण्यातील ध्वनी टिपणारे एक उपकरण बसवण्यासाठी त्या नळीवर जो आधार जोडला होता, त्याच्या सहा मि.मी. मापाच्या कोपरजोडात. तो जोड मंचाचा भार पेलण्यासाठी नव्हताच. म्हणून त्याच्याकडे कुणी गांभीर्याने पाहिले नाही. तुटलेल्या भागातील तड्यात रंग आढळला. म्हणजे रंगकाम झाले तेव्हा, समुद्रात जाण्यापूर्वीच, तडा तिथे होता.

खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो मला मान्य आहे. मोडून तपासलेला जोड वापरता येत नाही. मुंबई हायपासून उरणपर्यंत समुद्रतळावरून घातलेली नळवाहिनी सुमारे दोनशे किलोमीटर लांबीची. बारा मीटरचा एक नळ धरला तर साडेसोळा हजारांहून अधिक जोड होतात. ते मोडून पाहणे अर्थातच शक्य नाही. तिथे क्ष-किरणांनी छायाचित्रे घेतात, श्राव्यातीत ध्वनितरंग सोडून आतला दोष शोधतात, पाण्याच्या दाबाची चाचणी घेतात. पण त्या वाहिनीवर हात चालवण्यापूर्वी कारागिराने नमुन्याचा जोड करून दाखवायचा, त्याच्या पट्ट्या कापायच्या, काही ताणून तोडायच्या व काही वाकवायच्या, ही पद्धत जगभर आहे. आपल्या देशातही वितळजोड कारागिरांच्या परीक्षेसाठी भारतीय मानक आहे. म्हणजे उद्योग जोड मोडूनच माणूस पारखतो. मग कार्यशाळेतील व तांत्रिक विद्यालयातील आपली परीक्षाच तेवढी जोडाचा चेहरा पाहून का घ्यावी?

खर्च हे उत्तर मला पटत नाही. लागणारे सामान भंगारात मिळते. ज्या शाळेत शेगडा, करवत आणि वितळजोडाचे यंत्र आहे तिथे, शिक्षकांच्या देखरेखीखाली, हा प्रयोग एका दुपारी होतो. नळ काळा घ्यावा, जस्ताचा मुलामा दिलेला जी.आय. नळ घेऊ नये. जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप येतो. साडेतीन-चार मि.मी. जाडीच्या दोन इंची नळाचे सहा तुकडे करा. पहिली जोडी कडा न घासता, फट न ठेवता, तोंडाला तोंड भिडवून जोडा. दुसरी कडा तिरप्या घासून व फट ठेवून जोडा. तिसरी दुसरीसारखीच, पण जोड लाल असतानाच पाण्यात बुडवा. वरून तिन्ही सारखेच घासून स्वच्छ करा आणि वर्गात फिरवा. कोणता जोड बळकट, ते प्रत्येकाने कागदावर लिहून द्यायचे.

मग प्रत्येक जोडातून नळाच्या लांबीच्या दिशेने बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. पट्टी शेगड्यात अशी धरा, की हातोडा मारल्यावर नळाची आतली बाजू ताणली जाईल व बाहेरची दबेल. ही दिशा चुकवू नका, कारण उलट वाकवली तर वाईट मूळही दडून राहते. डोळ्यांवर चष्मा व हातांत मोजे हवेतच आणि बाकीच्यांनी समोर उभे राहायचे नाही. पहिली पट्टी बहुधा मधोमध तुटेल. दुसरी नीट झाली असेल तर नालासारखी वाकेल. तिसरीत कदाचित फारसा फरक दिसणार नाही, कारण आपल्या नळात कर्ब कमी असतो. मग तोच प्रयोग मोटारीच्या जुन्या कमानपाट्याच्या पोलादावर करून पाहावा असे कुणाला वाटले, तर त्याला अडवू नये.

तुटलेले तुकडे भंगारात टाकू नका. पहिल्या पट्टीच्या छेदावर करवतीच्या रेघा शिल्लक आहेत का ते भिंगातून पाहा. निम्म्या जाडीत आहेत, की पाव, की कुठेच नाहीत, ते मोजपट्टीने मोजून लिहा. प्रत्येक तुकड्यावर रंगाने जोडणाऱ्याचे नाव, तारीख, रॉडचा क्रमांक व फटीचे माप घाला, आणि कार्यशाळेतल्या एका उघड्या खोक्यात ते ठेवून द्या. पुढच्या वर्षीची मुले जोड शिकायला येतील तेव्हा पहिल्या दिवशी त्यांच्या हाती रॉड न देता ते खोके द्यावे, असे मी सुचवतो.